पर्यावरणाच्या नावाने नागरिकत्वाची चाळणी

नदी निर्मळ व्हावी, हवा शुद्ध व्हावी, जंगल टिकावे, या मागण्यांना उघड विरोध करणारा माणूस आज शोधूनही सापडणार नाही. धुराडे ओकणाऱ्या गिरणीचा मालकही पर्यावरण दिनी वृक्षारोपणाला हजर असतो. नेमक्या याच कारणासाठी या मागण्यांचे राजकारण तपासणे निकडीचे झाले आहे. ज्या मागणीला कोणाचाच विरोध नसतो, तिच्या आडून कोणाचे काय हिरावून घेतले जाते हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

हा प्रश्न गेली तीस वर्षे चिकाटीने विचारणाऱ्या मोजक्या अभ्यासकांत समाजशास्त्रज्ञ अमिता बाविस्कर यांची गणना करावी लागेल. नर्मदा खोऱ्यातील आदिवासींच्या संघर्षावरील त्यांचा ‘इन द बेली ऑफ द रिव्हर’ हा ग्रंथ १९९५ साली प्रसिद्ध झाला. दिल्ली शहराची नदी, रस्ते आणि झोपडवस्त्या यांविषयीचे त्यांचे लेखन ‘अनसिव्हिल सिटी’ या नावाने २०२० मध्ये एकत्रित झाले. कष्टकरी जनतेच्या चळवळीने या लेखनातून काय स्वीकारावे आणि कोणत्या मुद्द्यावर त्याच्याशी खडा वाद घालावा, हे स्पष्ट करण्याची वेळ आली आहे. विद्यापीठातला वाद म्हणून त्याकडे पाहून चालणार नाही. या वादात लाखो माणसांची घरे, शेते आणि फुप्फुसे पणाला लागलेली आहेत.

उद्यान कोणाचे?

३० जानेवारी १९९५ रोजी दिल्लीतील अशोक विहार या सधन वसाहतीलगतच्या मोकळ्या जागेत १८ वर्षांच्या एका तरुणाला मारहाण करून ठार करण्यात आले. मारणाऱ्यांत बंगल्यांचे मालक होते आणि पोलीस शिपाईही होते. शेजारच्या झोपडवस्तीला शौचालये नव्हती, म्हणून तो तरुण तेथे प्रातर्विधीला गेला होता. वस्तीच्या लेखी ती नाइलाजाची जागा होती. बंगलेवाल्यांच्या लेखी ते उद्यान होते. या खुनाचा निषेध करण्यास वस्तीतील लोक जमले तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला आणि आणखी ४ जणांचा बळी घेतला.

बाविस्कर यांनी दिल्लीवरील आपल्या एका महत्त्वाच्या निबंधाच्या आरंभी ही घटना मांडली आहे. तिच्यातून त्या ज्या निष्कर्षाकडे गेल्या त्याला त्यांनी ‘बूर्झ्वा पर्यावरणवाद’ असे नाव दिले. स्वच्छता, सौंदर्य, विरंगुळा, सुरक्षितता या वरच्या थरांच्या गरजा ‘सार्वजनिक हित’ म्हणून पुढे येतात. रहिवासी संघ, इंग्रजी वृत्तपत्रे आणि जनहित याचिका ही त्यांची हत्यारे बनतात. आणि ज्यांच्या श्रमावर शहर उभे आहे तेच शहराचे ‘प्रदूषक’ ठरतात. दिल्लीच्या रस्त्यांविषयी लिहिताना त्यांनी हीच विसंगती दाखवून दिली. धूर न सोडणारी सायकलरिक्षा वाहतुकीला अडथळा म्हणून हटवली जाते आणि हवा नासवणाऱ्या खाजगी मोटारीसाठी रस्ता रुंद केला जातो.

हे निरीक्षण मोलाचे आहे आणि ते नि:संकोचपणे मान्य केले पाहिजे. एंगल्सने १८४५ साली मँचेस्टर शहराचे वर्णन करताना दाखवले होते की, हमरस्त्यांवरील दुकानांच्या रांगांमागे कामगारांच्या वस्त्या अशा झाकल्या गेल्या आहेत की धनिकांना त्या दिसूही नयेत. १८७२ मध्ये घरांच्या प्रश्नावर लिहिताना तो म्हणाला होता की, भांडवलदार वर्ग हा प्रश्न सोडवत नाही, केवळ दुसरीकडे हलवतो. दिल्लीत या जुन्या व्यवहाराला हिरवा रंग देण्यात आला, इतकेच.

न्यायासनाचा तराजू

हा रंग देण्याचे काम न्यायालयांनी किती तत्परतेने केले ते पाहा. ८ जुलै १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील १६८ घातक कारखाने ३० नोव्हेंबरपर्यंत बंद करण्याचा आदेश दिला. हजारो कामगारांच्या पोटावर पाय आला. त्यांच्या छातीत वर्षानुवर्षे साठलेल्या धुळीची आणि आम्लाच्या वाफांची चौकशी मात्र त्या प्रकरणाच्या केंद्रस्थानी कधीच नव्हती. रिकाम्या झालेल्या जमिनीचा काही हिस्सा हिरव्या जागेसाठी द्यावा आणि उरलेला मालकाने विकसित करावा, अशी वाटणी झाली. म्हणजे कामगाराची रोजी गेली आणि मालकाच्या हाती शहराच्या मध्यावरील मोकळी, महागडी जमीन राहिली. फेब्रुवारी २००० मध्ये त्याच न्यायालयाने सरकारी जमिनीवरील अतिक्रमकाला मोफत पर्यायी जागा देणे म्हणजे खिसेकापूला बक्षीस देण्यासारखे आहे, अशा आशयाचे मत नोंदवले. हाच तो देश, जेथे १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे याच न्यायालयाने म्हटले होते!

मार्च २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने यमुनेकाठची अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला आणि २००४ मध्ये यमुना पुश्त्यावरील हजारो कुटुंबांच्या झोपड्या भुईसपाट झाल्या. ज्यांच्यापाशी कागद होते त्यांना बवाना, होलंबी कलां अशा दूरच्या माळांवर नेऊन टाकण्यात आले; ज्यांच्यापाशी कागद नव्हते त्यांना तेवढेही मिळाले नाही. कारण सांगितले गेले ते नदीच्या प्रदूषणाचे. यमुनेत मिसळणारी घाण मुख्यत: नजफगढसारख्या मोठ्या नाल्यांतून येते, आणि त्या नाल्यांत शहरभरातील गटारांचे मैलापाणी वाहत असते. ज्याच्या झोपडीला नळ नाही आणि शौचकूप नाही, त्याचा त्या प्रवाहात वाटा तो किती? तरीही नदी नासवल्याचा आरोप त्याच्यावर ठेवून त्याला हद्दपारीची शिक्षा सुनावली गेली.

त्याच यमुनेच्या पूरपात्रात पुढे काय घडले? २००५ मध्ये अक्षरधामचे भव्य मंदिर उघडले. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी खेळाडूंचे निवाससंकुल उभे राहिले आणि जुलै २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा मार्ग मोकळा केला. मुंबईत तर याहून बोलके उदाहरण आहे. बंद गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी मिळण्याची तरतूद १९९१ च्या नियमात होती. २००१ च्या दुरुस्तीने ती पोखरली गेली. तेव्हा एक पर्यावरणवादी संस्थाच न्यायालयात गेली आणि २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात तिची सरशी झाली. परंतु ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल गिरणीमालकांच्या पारड्यात टाकला. झोपडी पाडायची असेल तेव्हा पर्यावरण सर्वश्रेष्ठ आणि गिरणीमालकाची जमीन अडत असेल तेव्हा पर्यावरण गौण, असा हा तराजू आहे.

या शेवटच्या उदाहरणापाशी ‘बूर्झ्वा पर्यावरणवाद’ या संज्ञेची मर्यादाही उघडी पडते. बाविस्कर यांच्या विवेचनाचा भर वरच्या थरांच्या अभिरुचीवर, त्यांच्या स्वच्छतेच्या आणि सौंदर्याच्या कल्पनांवर राहतो. भांडवलाची दखल त्या घेत नाहीत असे नाही. परंतु बंगलेवाल्याची नाके मुरडण्याची सवय आणि जमिनीच्या भाड्यातून अवाढव्य नफा काढणारे भांडवल या दोहोंमध्ये कर्ता कोण आणि टाळ्या पिटणारा कोण, याचा स्पष्ट निवाडा त्यांच्या मांडणीतून मिळत नाही. गिरणीच्या जमिनीवर उद्यान हवे होते ते मध्यमवर्गीय अभिरुचीलाच; तरी ती हरली. ती जिंकते तेव्हा जमीनबाजाराची गरज तिच्या पाठीशी असते. अभिरुचीने निमित्त पुरवले; निर्णय भांडवलाने घेतला.

तारखांचे राज्य

आता नागरिकत्वाचा मुद्दा घेऊ. राज्यघटनेच्या कागदावर सर्व नागरिक समान आहेत. प्रत्यक्षात कष्टकऱ्याला आपले नागरिकत्व एका ठराविक तारखेसमोर उभे राहून सिद्ध करावे लागते. मुंबईच्या झोपडवासीयासाठी अनेक वर्षे ती तारीख १ जानेवारी १९९५ होती. लढ्यांच्या आणि निवडणुकांच्या रेट्याने ती पुढे सरकली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील वस्त्यांवर १९९७ मधील उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बुलडोझर चालला, तेव्हाही कोणाला पर्यायी घर आणि कोणाला रस्ता, याचा निर्णय त्याच तारखेने केला. वनहक्क कायद्यासाठी १३ डिसेंबर २००५ ही तारीख आहे. आसाममध्ये २४ मार्च १९७१ ची मध्यरात्र आहे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या तेथील नागरिक नोंदवहीतून १९ लाखांहून अधिक माणसे वगळली गेली.

या तारखा वेगवेगळ्या कायद्यांतल्या असल्या तरी त्यांचे कार्य एकच आहे. पुरात घर वाहून गेलेला, हंगामानुसार गाव बदलणारा, ठेकेदाराच्या यादीत अंगठ्यापुरता उरलेला माणूस कागद कोठून आणणार? ज्याचे श्रम कागदाविना विकत घेतले जातात, त्याचे हक्क मात्र कागदाविना मान्य होत नाहीत.

आणि आसामात ही चाळणी पर्यावरणाशी उघडपणे जोडली गेली. काझीरंगा राष्ट्रीय उद्यानालगतच्या वस्त्या सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायालयीन आदेशाच्या आधारे हटवण्यात आल्या आणि पोलीस गोळीबारात २ जणांचा मृत्यू झाला. या कारवाईचे समर्थन गेंड्यांच्या रक्षणाने जेवढे केले गेले तेवढेच ‘परकीय घुसखोर’ या आरोळीने केले गेले. बळी ठरलेले बंगाली बोलणारे मुसलमान शेतकरी होते. पर्यावरण आणि अस्मिता यांचा संगम कष्टकऱ्याविरुद्ध किती घातक ठरतो याचा याहून स्वच्छ पुरावा नको.

‘निसर्गपुत्र’ आणि नांगर

अस्मितेच्या राजकारणाविषयी बाविस्कर यांचे काम येथेच उपयोगी पडते. अलिराजपूरच्या भिलाला आदिवासींमध्ये राहून त्यांनी जे पाहिले ते शहरी आंदोलन-समर्थकांना रुचणारे नव्हते. आदिवासी हा जन्मत: निसर्गाचा रखवालदार आहे, ही प्रतिमा बाहेरच्यांनी घडवलेली आहे. प्रत्यक्षातला आदिवासी जंगल तोडून ‘नेवाड’ नावाने ओळखली जाणारी शेते करतो, कारण पोटाला धान्य लागते. वनखात्याच्या शिपायाला लाच देत देत, मार खात खात तो ती शेते राखतो. धरणाविरुद्धच्या लढ्याइतकाच हाही त्याचा लढा होता, आणि तो लढवणाऱ्या स्थानिक संघटनेचे नाव होते खेडूत मजदूर चेतना संगठ.

या प्रतिमेतला धोका ओळखणे आवश्यक आहे. ‘निसर्गपुत्र’ म्हणून ज्याला हक्क दिला, त्याने नांगर हाती घेताच त्याचा हक्क काढून घेता येतो. शिवाय ‘मूळ निवासी’ हा शब्द दोन्ही बाजूंनी वापरता येतो. पश्चिम मध्यप्रदेशात हिंदुत्ववादी संघटनांनी आदिवासी अस्मितेला मुसलमान व ख्रिस्ती यांच्या द्वेषाकडे कसे वळवले, याचे विश्लेषण बाविस्कर यांनी २००५ मध्ये केले आहे. अस्मिता ही आपोआप पुरोगामी असते असे मानणाऱ्यांनी ते अवश्य वाचावे.

इतक्या स्वच्छ निरीक्षणानंतर वाचकाची अपेक्षा असते की, पुढची पायरी चढली जाईल. ती चढली जात नाही. बाविस्कर यांची वैचारिक चौकट ‘सांस्कृतिक राजकारणा’ची आहे. माणसांचे हितसंबंध आणि ओळखी आधीच ठरलेल्या नसतात, त्या संघर्षातून घडत जातात, असे ही चौकट सांगते. यात अर्धे सत्य आहे. वर्ग आपोआप जागा होत नाही, त्याला जागे व्हावे लागते, हे मार्क्सवाद्यांना कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही. वारली आदिवासींच्या वेठबिगारीविरुद्धच्या उठावाची हकिगत लिहिताना गोदावरी परुळेकरांनी आपल्या ग्रंथाचे नावच ‘जेव्हा माणूस जागा होतो’ असे ठेवले होते. परंतु ओळखी घडत असतात एवढे सांगून थांबले की, वर्ग हीदेखील अनेक ओळखींपैकी एक ओळख होऊन बसते आणि त्या सगळ्यांना एका पातळीवर आणले जाते. मग राजकारण उरते ते निरनिराळ्या अस्मितांच्या तात्पुरत्या आघाड्यांचे.

एकाच माणसाची चार नावे

या मांडणीचे उत्तर अलिराजपूरचा आदिवासी स्वत:च देतो. त्याच्या वाटचालीकडे पाहा. नदीकाठी तो ‘धरणग्रस्त आदिवासी’ असतो. जंगलात नांगर धरला की तो ‘अतिक्रमक’ होतो. पाऊस संपला की तो मजुरीसाठी गुजरातेत उतरतो, तेथे तो ‘परप्रांतीय मजूर’ असतो. शहराच्या कडेला पाल ठोकले की ‘झोपडवासी’.

गोध्र्याच्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत अलिराजपूर, झाबुआ, धार या भागांतील आदिवासी मजुरांनी काही महिने काम केले आणि सिलिकाच्या धुळीने फुप्फुसे दगडासारखी होऊन ते गावी परतून मेले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस गुजरात सरकारला केली. भरपाईसाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावे लागले. ही धूळ ‘पर्यावरण’ नव्हे काय? ती दिल्लीच्या दिवाणखान्यात शिरली असती तर दुसऱ्या दिवशी याचिका दाखल झाली असती.

प्रत्येक वेशीवर या माणसाला नवे नाव मिळते. नावासोबत एक नवे खाते, एक नवा कायदा आणि एक नवी तारीख येते. न बदलणारी गोष्ट एकच: त्याच्यापाशी श्रमाखेरीज विकायला काही नाही, आणि ते श्रम स्वस्त राहावेत म्हणून त्याची जमीन, त्याचे घर आणि त्याचे कागद सतत अनिश्चित ठेवले जातात. वर्ग ही या माणसाची पाचवी ओळख नव्हे. बाकीच्या चारही ज्या धाग्यात ओवल्या आहेत तो धागा म्हणजे वर्ग. ऱ्हाईन प्रांतात वाळलेल्या फांद्या वेचणाऱ्या गरिबांना लाकूडचोर ठरवणाऱ्या कायद्यावर तरुण मार्क्सने १८४२ मध्ये लिहिले, ते याचसाठी. जंगलाचा प्रश्न हा मालमत्तेचा प्रश्न आहे हे त्याला तेथे उमगले.

संघटित लढ्याचा धडा

वनहक्क कायदा २००६ मध्ये संमत झाला तो कोणाच्या सदिच्छेने नव्हे. मे २००२ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने वनातील ‘अतिक्रमणे’ हटवण्याचे फर्मान काढले, त्यानंतर देशभर उसळलेल्या लढ्यांमुळे आणि संसदेतील डाव्या पक्षांच्या दबावामुळे तो आला. मूळ विधेयक केवळ अनुसूचित जमातींपुरते होते. ‘इतर पारंपरिक वननिवासी’ त्यात समाविष्ट झाले हा लढ्याचा विजय होता. मात्र त्यांच्यावर ३ पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याची अट लादून शासकवर्गाने अस्मितेची चाळणी मागच्या दाराने परत आणली. एकाच बांधावर राबणारा आदिवासी आणि दलित या कायद्यापुढे वेगवेगळे झाले.

१३ फेब्रुवारी २०१९ रोजी वन्यजीव-संरक्षक संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जंगलाबाहेर काढण्याचा आदेश दिला. देशभर संताप उसळला आणि २८ फेब्रुवारीला त्या आदेशास स्थगिती द्यावी लागली. त्याच्या आदल्या वर्षी, ६ ते १२ मार्च २०१८ या काळात, किसान सभेच्या लाल झेंड्याखाली हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईला पायी आले. त्यांतील बहुसंख्य आदिवासी होते आणि वनजमिनीचे पट्टे ही त्यांची प्रमुख मागणी होती. त्यांनी आपली भाषा, आपली गाणी, आपली आदिवासी ओळख घरी ठेवली नव्हती. पण ते चालत आले ते शेतकरी म्हणून, कर्जमुक्ती मागणाऱ्या बिगरआदिवासी शेतकऱ्याच्या खांद्याला खांदा लावून. अस्मिता आणि वर्ग यांच्या संबंधाचा प्रश्न शेकडो निबंधांनी जितका सुटला नाही तितका त्या सहा दिवसांच्या वाटचालीने सोडवला.

दोन चुकीच्या वाटा

कॉम्रेड्स, या प्रश्नावर दोन चुकीच्या वाटा टाळल्या पाहिजेत. पर्यावरण हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत, आपण मजुरीचे बोलू, असे म्हणणारे कार्यकर्ते भोपाळ विसरतात. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री विषारी वायूने प्रथम गाठले ते कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या कष्टकऱ्यांच्या वस्त्यांना. प्रदूषण सर्वांना सारखे भेटत नाही; ते आधी कामगाराच्या घरी जाते. दुसरी वाट याच्या उलट, म्हणजे ‘हिरव्या’ आंदोलनाच्या शेपटीला बांधून घेण्याची. त्या वाटेवर चालता चालता आपण एक दिवस झोपड्या पाडणाऱ्यांच्या रांगेत उभे असू.

आपली वाट स्वतंत्र आहे आणि तिच्यावरील कामे स्पष्ट आहेत. धूळ, आम्ल, उष्णता आणि आवाज यांविरुद्धची मागणी प्रत्येक कामगार संघटनेच्या मागणीपत्रकात वेतनाच्या शेजारी असली पाहिजे. २०२० च्या संहितेने वीज वापरणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येची मर्यादा १० वरून २० कामगारांवर नेऊन गोध्र्यासारख्या छोट्या गिरण्यांना मोकाट सोडण्याची सोय केली आहे, तिला विरोध केला पाहिजे. प्रदूषणासाठी कारखाना बंद होत असेल तर पूर्ण वेतन, पर्यायी काम आणि त्या जमिनीवर कामगारांची घरे, ही मागणी पहिल्या दिवसापासून मांडली पाहिजे. दिल्लीत हवा बिघडली की बांधकामे थांबतात आणि मजुराची रोजी बुडते. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपकराच्या निधीतून अशा मजुरांना निर्वाहभत्ता देण्यास सांगितले, तो प्रत्येक बंदीच्या वेळी प्रत्येकाच्या हातात पडेपर्यंत पाठपुरावा केला पाहिजे. जंगलात ग्रामसभेच्या संमतीचा आग्रह आणि ७५ वर्षांच्या अटीला विरोध, हे एकाच वेळी चालले पाहिजे. आणि शहरात, खोऱ्यात, सीमेवर, जेथे जेथे तारखेच्या आणि कागदाच्या आधारे कष्टकऱ्याला परका ठरवले जाते, तेथे त्याच्या बाजूने उभे राहिले पाहिजे, मग त्याची भाषा आणि धर्म कोणताही असो.

अभ्यासकांनी चाळणीचे वर्णन केले, त्याबद्दल त्यांचे ऋण मानू. ती मोडण्याचे काम मात्र जे तिच्यातून गाळले जातात त्यांनाच संघटित होऊन करावे लागेल.